बादलीचा तळ

स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा असा मेसेज आमच्या बॅचच्या ग्रुपवर पडला आणि दहा मिनिटांत गॅदरिंग, सहल, पीटीच्या सरांची शिट्टी, गणिताच्या बाईंचा दरारा, सगळे विषय बुक झाले. माझ्या वाट्याला उरली बादली. म्हणजे खरीखुरी पत्र्याची बादली, एका बाजूला पोचा आलेली. चित्रकलेच्या वर्गात ती स्टुलावर ठेवलेली असायची. आमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांना ती आठवणारही नाही, पण मी आठवीचं अख्खं वर्ष तिच्यासमोर काढलंय.

झालं असं की आठवीत नवीन सर आले आणि त्यांनी शाळा सुटल्यावर एक जादा वर्ग सुरू केला, ज्यांना चित्र काढता येत नाही त्यांच्यासाठी. मी खरं तर तिथे जायलाच नको होतं कारण मला चित्र येतं असा माझा (आणि घरातल्या सगळ्यांचा) ठाम समज होता. मी कॅलेंडरवरच्या चित्रावर बारीक चौकोन आखायचे, वहीवर तेवढेच चौकोन, आणि एकेक चौकोन बघत हुबेहूब उतरवायचे. मी ती वही सरांना दाखवली. त्यांनी सगळी पानं शांतपणे उलटली आणि म्हणाले, "छान आहे, उद्यापासून ये." मला तो अपमान वाटला होता.

पहिल्या दिवशी स्टुलावर बादली, वीस मिनिटं वेळ, काढा. बस एवढंच. वीस मिनिटांनी सरांनी सगळ्यांचे कागद फळ्याला चिकटवले आणि लांब जाऊन उभे राहिले. "तुम्ही तीस जण तीस ठिकाणी बसलात," ते म्हणाले, "मग बादली सगळ्यांची एकच कशी?" आणि खरंच तसंच होतं हो! पुढे सतरंजीवर बसलेल्यांना बादलीचं तोंड जेमतेम एक पट्टी दिसत होतं, आम्ही मागच्या बाकावरचे वरून पार आत बघत होतो, पण कागदावर सगळ्यांची बादली एका साच्यातून काढल्यासारखी. वर डोळ्याच्या आकाराचं तोंड, दोन्ही टोकांना टोचेल असं टोक, दोन तिरक्या रेघा आणि खाली तळाला पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ.

"तळ सरळ का गं?" सरांनी मला विचारलं. मी म्हटलं, सर, स्टूल सपाट आहे ना, म्हणून. वर्ग हसला. सर हसले नाहीत, उलट म्हणाले की हे उत्तर बरोबर आहे, फक्त ते बादलीचं चित्र नाही, ती बादलीबद्दलची माहिती आहे. तुला माहितीये की तळ सपाट आहे म्हणून तू सपाट काढलास, तुला दिसत काय होतं ते तू बघितलंच नाहीस.

मग त्यांनी बादली उचलली आणि हळूहळू वर नेली. तोंडाची कड आमच्या डोळ्यांच्या उंचीला आली तेव्हा ती गोल कड चक्क सरळ रेघ झाली, अजून वर नेली तर तोंड दिसेनासं झालं आणि खालून तळ दिसायला लागला. मग खाली, खाली, पार जमिनीवर, आणि तोंड जवळजवळ पूर्ण गोल. म्हणजे गोल वस्तू डोळ्यांच्या रेषेच्या जितकी खाली तितका तिचा लंबगोल उघडत जातो. आता बादलीचा तळ तोंडापेक्षा खालीच असणार, म्हणून तळाचा लंबगोल रुंदीला लहान असला तरी जास्त फुगीर, जास्त उघडा. आपल्याला त्याची फक्त पुढची अर्धी कड दिसते, ती वरच्या कडेपेक्षा जास्त वळलेली. मी जिथे सरळ रेघ मारली होती नेमकी तिथेच सगळ्यात जास्त वळण होतं! मला अजूनही हे आठवलं की थोडं चिडायला होतं, कारण बादल्या मी जन्मापासून बघत होते आणि तळ एकदाही बघितला नव्हता.

लंबगोल काढायला आम्ही किती कागद वाया घालवले ते विचारू नका. त्याला टोक नसतं हे पहिलं, कितीही चपटा असला तरी कडेला तो वळतोच. दुसरं म्हणजे मनगटातून काढायचा नाही, खांद्यातून, आणि कागदाला पेन्सिल टेकवण्याआधी हवेत चारपाच वेळा हात फिरवून मग अलगद टेकवायची. बादली आडवी ठेवली की अजून एक भानगड, तेव्हा बादलीच्या पोटातून जाणारी एक कल्पनेतली दांडी धरायची आणि लंबगोलाची आखूड बाजू त्या दांडीच्या दिशेत ठेवायची, तरच ती बादली आडवी वाटते, नाहीतर वाकडी झालेली. हे मला दोन महिन्यांनी जमलं.

प्रमाण मोजायची पद्धत सगळ्यांनी सिनेमात तरी बघितली असेल, हात लांब करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा बंद, अंगठा सरकवायचा. आमचा वर्ग त्या वेळी नेमबाजीची टीम वाटायचा. पण माझं माप दरवेळी वेगळं यायचं, तोंडाची रुंदी मोजताना बरोबर आणि उंची मोजताना बादली एकदम ठेंगणी. सरांनी मागून येऊन नुसतं माझं कोपर सरळ केलं. कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याच्या जवळ येते आणि माप बदलतं, एवढीच गोष्ट, पण ती कोणी सांगत नाही. माझ्या बाकावरची मैत्रीण तर पेन्सिलऐवजी पट्टी घेऊन बसली होती आणि मोठ्याने म्हणाली, सर, नऊ सेंटिमीटर! सर म्हणाले, सेंटिमीटर कशाला, कापड घ्यायचंय का? रुंदी उंचीत किती वेळा बसते ते सांग. तोंडाची रुंदी उंचीत एकदा आणि वर थोडी. बस. सगळं चित्र असंच, हे त्याच्यात किती वेळा.

माझ्या चौकोनांच्या वहीचा राग मनात होताच, एकदा विचारलं, सर त्यात चूक काय होतं? तेव्हा त्यांनी ड्यूररचं सांगितलं. जर्मनीतला मोठा चित्रकार, त्याने १५२५ साली छापलेल्या पुस्तकात एक चित्रकार दाखवलाय, समोर माणूस बसलेला, मध्ये उभी काच, आणि हा एका ठिकाणी डोळा स्थिर ठेवून काचेवरच तो माणूस उतरवतोय. म्हणजे युक्ती वापरणं पाप नाही. पण तो खऱ्या माणसाकडे बघत होता आणि तू आधीच कोणीतरी सपाट करून ठेवलेल्या चित्राकडे. अवघड काम तुझ्या आधी दुसऱ्यानेच केलेलं होतं. मग आम्ही वर्गाच्या खिडकीच्या काचेवर स्केचपेनने समोरची इमारत उतरवली, एक डोळा मिटून. डोकं जरा हललं की इमारत रेघांतून निसटायची. (काच पुसायला मात्र आम्हालाच लावलं.)

त्याच आठवड्यात गृहपाठ होता आरशाचा. अंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशासमोर उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि बोटाने आपल्याच चेहऱ्याची कड काढायची, मग पट्टीने मोजायची. ती खऱ्या चेहऱ्याच्या निम्मी भरते. मागे सरका, पुढे या, निम्मीच, कारण आरशातला चेहरा आरशाच्या मागे तितकाच लांब असतो जितके आपण पुढे. घरी कोणाचा विश्वास बसेना, सगळ्यांनी रांगेने आरशावर चेहरे काढले आणि सगळ्यांचे छोटे छोटे चेहरे बघून एकच गोंधळ. रोज सकाळी बघतो तो चेहरा निम्मा आहे हे कोणालाच कधी दिसलं नव्हतं. वाचताय ना, उद्या करून बघा.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग, रिकाम्या जागा. बादलीची कडी एका बाजूला पडलेली असायची, आणि बादली खाली निमुळती असल्यामुळे कडी आणि पत्रा यांच्यामध्ये एक फट. मी कडी काढायचे आणि ती नेहमी बादलीला चिकटायची किंवा हत्तीच्या कानासारखी बाहेर उडायची. सर म्हणाले, कडी विसर, ती फट काढ. फट म्हणजे काय, मागच्या भिंतीचा एक वेडावाकडा तुकडा, त्याला नाव नाही. आणि नाव नाही म्हणूनच तो कसा असायला हवा याबद्दल डोकं काही सांगत नाही, मग डोळ्यांना काम करावंच लागतं. पुढच्या वेळी त्यांनी तिथे खुर्ची ठेवली आणि सांगितलं खुर्ची काढायचीच नाही, पायांमधल्या, दांड्यांमधल्या, पाठीच्या पट्ट्यांमधल्या फक्त मोकळ्या जागा काळ्या करायच्या. मी एक तास मान वर केली नाही. शेवटी कागद लांब धरला तर मधोमध पांढरी खुर्ची उभी होती, चारही पाय आपापल्या जागी, आणि मी तिची एक रेघसुद्धा मारली नव्हती. त्या दिवशी घरी जाताना मी झाडांकडे न बघता फांद्यांमधल्या आकाशाच्या तुकड्यांकडे बघत चालले होते आणि सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

कागदाकडे न बघता नुसत्या आपल्या हाताकडे बघत एका रेघेत हात काढायचा, हेही करवून घेतलं. माझा हात म्हणजे बटाट्याला फुटलेले कोंब. मला त्याचा कंटाळा यायचा, उपयोग झाला असेलही. शाळेच्या व्हरांड्यात बसून पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे लांब जाणाऱ्या गोष्टी कागदावर तशाच लांब जाताना दाखवणं, तेही केलं, बसलं की खांबांच्या वरच्या रेषा जास्त खाली झुकतात आणि उभं राहिलं की कमी, कारण सगळ्या रेषा धावतात त्या आपल्या डोळ्यांच्या उंचीकडे.

एका गोष्टीत मात्र सरांचं मला अजूनही पटलेलं नाही, पहिले दोन महिने खोडरबर बंद. चुकलेली रेघ राहू दे, तिच्या शेजारी बरोबर रेघ मार, चुकलेली दिसली तरच किती चुकलं ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्यासाठी ते बरोबर होतं, मी खोडून खोडून कागदाला भोक पाडणाऱ्यांतली. पण पट्टीवाली माझी मैत्रीण, तिला त्या रेघांच्या जंजाळाची लाज वाटायची, कागद उलटा करून ठेवायची, आणि तिसऱ्या आठवड्यात यायचीच बंद झाली. तिला एक खोडरबर दिला असता तर काय बिघडलं असतं!

शेडिंगला दिवाळीनंतर हात लावला. आधी नऊ चौकोन, पहिला कोरा आणि शेवटचा काळाकुट्ट, मधले पायरीपायरीने. तेव्हा कळलं की माझं सगळं जग दुसऱ्या ते चौथ्या चौकोनातच असायचं, काळं करायला हातच धजायचा नाही. ४बी पेन्सिल तेव्हा पहिल्यांदा हातात घेतली. एच आणि बी हा फरक म्हणजे माती किती आणि ग्रॅफाइट किती, माती जास्त की कडक आणि फिकट, ती एच, ग्रॅफाइट जास्त की मऊ आणि काळी, ती बी. फ्रान्समध्ये युद्धामुळे चांगलं इंग्लिश ग्रॅफाइट मिळेना म्हणून कॉन्ते नावाच्या तिथल्या संशोधकाने ग्रॅफाइटची पूड आणि माती मिसळून भाजली, १७९५ चं पेटंट, आणि आपण अजून तेच वापरतो. बोटाने घासून गुळगुळीत करणाऱ्यांवर मात्र सर भडकायचे, म्हणायचे बादली आहे, पावडर लावू नकोस.

डोळे किलकिले करून बघा म्हणजे बारीकसारीक गळून पडतं आणि उजेड-अंधाराचे मोठे ठोकळे उरतात, हे त्यांचं सारखं चालायचं. बादलीच्या सावलीकडच्या बाजूला मी एकसारखा काळा फासला होता. त्यांनी शेजारी पांढरा कागद उभा धरला आणि सावलीतला पत्रा कडेला हलकेच उजळला, कागद काढला, विझला. सगळ्यात गडद पट्टा अगदी कडेला नव्हता, थोडा आत होता, कडेवर परत आलेला उजेड होता. मग म्हणाले, चंद्रकोरीच्या आतला उरलेला चंद्र अंधुक दिसतो ना, तो हाच, पृथ्वीवरून उलटलेला उजेड, चित्रकार लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी वहीत लिहून ठेवलाय. त्या रात्री कोर होती की नव्हती आठवत नाही, पण नंतर ती कधीही दिसली की मला पोचा आलेला पत्रा आठवतो. परवा मुलाने मोबाइलवर ते बुद्धिबळाच्या पटासारखं चित्र दाखवलं, अ‍ॅडेलसन नावाच्या संशोधकाने १९९५ मध्ये केलेलं, त्यात उजेडातला काळा चौकोन आणि सावलीतला पांढरा चौकोन हुबेहूब एकाच करड्या रंगाचे आहेत पण काही केल्या तसे दिसत नाहीत. मुलगा म्हणाला, आई, फोटोशॉप आहे. मी म्हटलं, डोळे किलकिले कर. तरी नाही दिसले त्याला, मलाही नाही, शेवटी कागदाला दोन भोकं पाडून बघितलं तेव्हा पटलं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी परत तीच बादली, तेच स्टूल, वीस मिनिटं. पहिल्या दिवशीचा कागद सरांनी जपून ठेवला होता, तो शेजारी लावला. दोन्ही कागद आता माझ्याकडे आहेत, हे लिहायला बसताना काढले. सर आमच्या चित्रावर कधी हात चालवायचे नाहीत, कोपऱ्यात लहानसं काढून दाखवायचे, तसं दुसऱ्या कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी काडेपेटीएवढी बादली काढलीय. माझा तळ छान वळलाय. पोचासुद्धा जागच्या जागी आहे. पण कडी बघितली आणि मुलाला हाक मारून दाखवली, कारण त्या दिवशी बाकीच्या सगळ्याच्या नादात फट बघायची विसरून मी सरळ कडीच काढली होती आणि ती हत्तीच्या कानासारखी बाहेर उडालीय. सरांनी कोपऱ्यात फक्त तेवढीच नीट करून दाखवलीय.