एकच पेला आणि जांभळाचा मध

मे महिन्यातल्या शनिवारी महाबळेश्वरला जाऊ नये, हे ठाऊक असूनही मी गेले. पसरणी घाटात वाहनांची रांग लागली, पुढच्या गाडीने अचानक ब्रेक दाबला, आणि मागच्या सीटवर टॉवेलात गुंडाळून ठेवलेल्या दोन काचेच्या पेल्यांपैकी एक फुटला. मीडची, म्हणजे मधापासून केलेल्या मद्याची, चव रीतसर घेण्याचा माझा बेत पाचगणी येण्याआधीच निम्मा झाला. पुढचे दोन दिवस बाजारातली गर्दी, गाडी लावायला जागा शोधणे आणि भाजलेली कणसे यांत गेले. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

मांघरजवळच्या एका वाडीत आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो, ते काका मधपाळ आहेत. मांघर हे 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालेले गाव, आणि आसपासच्या वाड्यांतही घरामागे सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या दिसतात. काकांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, त्यामुळे पिशवीतल्या दोन बाटल्या बाहेर काढाव्यात की नाही, या विचारात मी जेवणापर्यंत गप्प राहिले. शेवटी भावानेच विषय काढला. काकूंनी एकच अट घातली: “अंगणात बसा, पर तुळशीपासनं लांब.”

मीड म्हणजे मध, पाणी आणि यीस्ट यांच्यापासून आंबवून केलेले मद्य. पुण्यातली मूनशाईन आणि नाशिकची सेराना या मीड बनवणाऱ्या कंपन्यांमुळे ते आता आपल्याकडच्या दुकानांतही दिसते. गेले वर्षभर मी ते मीडच्या स्पर्धांतल्या परीक्षकांच्या गुणपत्रिकेनुसार चाखते आहे. त्या पत्रिकेत एकूण 50 गुण असतात: वासाला 10, रूपाला 6, चवीला 24 आणि एकंदर परिणामाला 10. वहीत आकडे मांडले की आपल्याला काहीतरी कळते, असा एक सुखद भ्रम होतो, हे मी इथे कबूल करते.

मसाले घातलेली पहिली बाटली लवकर संपली. दालचिनीच्या वासाखाली मध कुठे आहे, हे शोधूनही सापडले नाही, आणि त्या एकुलत्या पेल्यासाठी भाऊ सारखा हात पुढे करत होता. दुसरी बाटली मात्र मी मुद्दाम आणली होती. ती जांभळाच्या मधाची होती, त्यात मसाला किंवा फळ काही नव्हते, आणि पुण्यात मी तिला 27 गुण दिले होते: वासाला 6, रूपाला 5, चवीला 11, एकंदर परिणामाला 5. चवीपुढे मी लिहिले होते, “शेवटी कडवट, काढ्यासारखी, बहुधा किण्वनातील दोष.” हा शेरा लिहिताना मला स्वतःचा बराच अभिमान वाटला होता. मधात यीस्टला लागणारे नत्र फार कमी असते. ते वरून पुरवले नाही तर यीस्टची उपासमार होते आणि गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास येतो. आंबताना उष्णता वाढली तर घशाला जाळणारी जड अल्कोहोले तयार होतात. हे सगळे वाचलेले असल्यामुळे कोणतीही नावडती चव उत्पादकाच्या माथी मारणे मला सोपे गेले होते.

बाटली अजून गार होती, आणि फार थंड मीडचा वास दबून राहतो, म्हणून पेला दोन्ही तळव्यांत धरून मी थांबले. मग घोट घेतला. आधी सुक्या फुलांसारखा वास, मग थोडा आंबटपणा, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी तोच कडवटपणा. मी तसे मोठ्याने म्हणाले. काका उठून आत गेले आणि एका वाटीत पोळ्याचा बोटभर तुकडा घेऊन आले. मध तांबूस होता आणि मेणाच्या टोप्यांखालून नुकताच पाझरू लागला होता.

“चावा. मेण थुका.”

मी चावला. आधी सगळे तोंड गोड झाले, इतके की दुसरे काही जाणवेना. गोडी ओसरली, मेणाची गोळी उरली, आणि मग जिभेच्या मुळाशी, अगदी त्याच जागी, तो कडवटपणा आला. मी पुन्हा पेल्यातला घोट घेतला, पुन्हा पोळे चावले. भाऊ हसू लागला. मला हसू येत नव्हते. मधात साखरच सुमारे 80 टक्के असते, तिच्या आड ही चव लपून राहते. आंबताना यीस्टने ती साखर जवळजवळ सगळी खाल्ली की मधाच्या अंगी जे मुळात असते, ते उघडे पडते. ज्याला मी दोष म्हटले, ती जांभळाची खूण होती. जांभळाच्या मधाची मीड तपासायला निघालेल्या मी तोवर जांभळाचा मध एकदाही चाखला नव्हता!

कंदिलाच्या उजेडात वही काढून चवीचे 11 खोडून 16 केले आणि एकंदरचे 5 खोडून 7. बेरीज 34 झाली. वासाचे 6 मात्र तसेच ठेवले, कारण पेला हलवल्यावर गंधकाची किंचित झाक येत होती आणि तिचा दोष जांभळावर ढकलता येत नाही. लेबलवर फुलाचे नाव ठळक छापायचे आणि मीड गोड आहे की कोरडी, म्हणजे बिनगोड, हे मात्र कुठेच सांगायचे नाही, ही माझी तक्रारही तशीच उभी आहे.

काकांना या सगळ्याचे नवल वाटले नाही. मीड हा शब्द आणि आपला ‘मधु’ एकाच मुळातले आहेत, हे मी उत्साहाने सांगितले, तेव्हाही त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना वेगळाच प्रश्न पडला होता. पोळ्याच्या घरांना टोप्या बसण्याआधीच मध काढला तर त्यात पाणी जास्त राहते. ते साधारण 20 टक्क्यांच्या वर गेले की मध डब्यात आपोआप फसफसतो, आणि मग त्याला कोणी विचारत नाही. त्यांच्या लेखी हे नुकसान होते.

“म्हंजी आंबल्याला मध तुमी पैसं दिऊन घेता व्हय?” त्यांनी विचारले.

“हो,” भाऊ म्हणाला, “आणि वर त्याला मार्कपण देते ही.”

सकाळी निघताना मी त्यांच्याकडून जांभळाचा एक किलो मध घेतला. काकांनी बरणीचे झाकण दोनदा आवळले, ओला चमचा आत घालू नका म्हणून बजावले, आणि गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी वाकून म्हणाले, “ताई, आंबला तर माघारी आणू नगा. तुमच्या कामाचाच हाय.”