लॅग मारतंय म्हणून फोन येतो तिथनं पुढं : आमची वाटचाल

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, मी आणि माझा मामेभाऊ दोघं मिळून बघतो. आधी एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) बदलायचा, विंडोज टाकून द्यायची, कुठं सीसीटीव्ही बसवायचे, असलीच कामं होती. नेटचं काम, म्हणजे गेम किंवा मीटिंग का अडखळतीय, लॅग का मारतंय ते शोधायचं, आमच्याकडं आलं ते 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. सगळं घर एका राउटरवर आलं, पप्पांची मीटिंग, धाकटीची शाळा, थोरल्याचा गेम, आणि ज्याला त्याला वाटायचं की आपलं नेट दुसराच कोणतरी खातोय. त्याच वर्षी 2 सप्टेंबरला पबजी मोबाईलवर बंदी आली, आम्हाला वाटलं आता फोन बंद होतील, पण पोरं पीसीवर व्हॅलोरंट ह्या गेमकडं वळली, आणि पीसीवर खेळणाऱ्या पोराचं पिंगच्या आकड्यावर, म्हणजे गेमच्या सर्व्हरला जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात त्याच्यावर, बारीक लक्ष असतंय, त्यामुळं तक्रारच नेमकी यायला लागली. "दादा, मुंबईला 18 येतंय आणि मधनंच 240 ला जातंय." एवढं कळलं तरी आमचं निम्मं काम झालेलं असतं.

गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतंय ते स्पीडचं. 100 चा प्लॅन आहे, 300 चा घेऊ का? आम्ही नको म्हणतो. गेम डाउनलोड करायला, अपडेट मारायला स्पीड लागतो, पण मॅच चालू असताना बहुतेक गेमना 1 एमबीपीएस पण लागत नाही. लागतंय ते म्हणजे पॅकेट (डेटाचा बारका तुकडा) वेळेवर जाणं आणि वेळेवर येणं. फायबरमधनं प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे 100 किलोमीटरला जाऊन-येऊन 1 मिलिसेकंद धरा. मुंबई आपल्यापासनं पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळं मुंबईचा सर्व्हर आपल्याला लई सोयीचा. सिंगापूरचा लावला तर जवळपास 4000 किलोमीटर, 40 मिलिसेकंद नुसते वाटेतच जातात, ते कुठलाच राउटर कमी करून देणार नाही, त्याच्यावर कितीही अँटेना असू देत. हे आम्ही दुकानात तोंडावर सांगतो, भले विक्री जाऊ दे.

म्हणून आमचा नियम ठरला, आधी मोजायचं आणि मग काय विकायचं ते बघायचं. घरी गेलो की लॅपटॉप केबलनं राउटरला जोडायचा आणि राउटरलाच पिंग लावायचं, बहुतेक ठिकाणी ते 192.168.1.1 असतंय. केबलवर 1 मिलिसेकंद आणि वायफायवर 60-70 च्या उड्या दिसल्या की दुखणं घरातच आहे, कंपनीला फोन करून उपयोग नाही.

मंगळवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात असंच होतं. दीड-दोन फुटी भिंती, राउटर पुढच्या सोप्यात लोखंडी कपाटाच्या मागं, आणि पोराचा पीएसफाइव्ह मागच्या खोलीत. 5 गिगाहर्ट्झचं वायफाय तिथंपर्यंत पोचतच नव्हतं आणि 2.4 वर आजूबाजूच्या सगळ्या घरांची गर्दी, त्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. आजी म्हणाल्या, "भिंतीला भोक पाडायचं नाही." मग माळ्यावरनं कॅट सिक्स केबल नेली आणि जुन्या झरोक्यातनं खाली सोडली. नवीन राउटर विकलाच नाही, तरी पोरगं फिफा खेळायला लागलं, आणि त्याच्या तालमीतली निम्मी टीम त्यानंच आमच्याकडं पाठवली. फुटबॉलचं वेड असलेल्या गावात ही जाहिरात पुरते!

दुसरं एक दुखणं शोधायला मजा आली. ताराबाई पार्कात एक मुलगी व्हॅलोरंट मनापासून खेळायची, दिवसभर पिंग झकास, रात्री नऊनंतर बेकार. सगळे म्हणायचे रात्री लोड येतोय. आम्ही नऊच्या आधी जाऊन पिंग लावून बसलो. तिचे वडील गुजरीतलं दुकान बंद करून घरी आले, गाडी लावली, आणि दारातच त्यांच्या फोननं वायफाय पकडलं, की इकडं पिंग 300! दिवसभर काढलेले दागिन्यांचे फोटो आणि व्हिडिओ बॅकअपला जात होते, अपलोड गच्च भरायचा आणि राउटर सगळी पॅकेटं रांगेत उभी करायचा. सीझनला उसाच्या ट्रॉल्यांमागं ॲम्ब्युलन्स अडकावी तसं तिचं बारकं पॅकेट मागं राहायचं. ह्याला बफरब्लोट म्हणतात. उपाय एसक्यूएम, म्हणजे राउटरमध्ये लाइनच्या 90 टक्क्यांच्या आसपास मर्यादा लावायची, मग रांग राउटरच्या हातात राहते आणि तो बारक्या पॅकेटला आधी सोडतो. बॅकअप चालू ठेवूनच परत मोजलं, 25 च्या वर गेलं नाही. काका म्हणाले, "मग माझ्या फोनचा दोष नव्हता म्हणायचं!"

आता सगळ्यात चिवट प्रकार, नॅटचा, म्हणजे बऱ्याच यंत्रांना बाहेरच्या एकाच पत्त्यामागं ठेवण्याचा. उचगावला इंजिनिअरिंगची पोरं खोली घेऊन राहतात, पिंग चांगलं पण एकमेकांच्या लॉबीत (मॅचआधी जमायची जागा) जाता येत नाही, व्हॉइस चॅट तुटतंय, एक्सबॉक्सवर नॅट स्ट्रिक्ट आणि प्लेस्टेशनवर टाइप 3, म्हणजे बाहेरनं येणारं अडतंय असं दाखवतंय. पोरं व्हिडिओ बघून 3074 पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरनं येणाऱ्याला राउटरमध्ये दार उघडून, बसलेली असतात, तरी काही नाही. तिथं आधी कंपनीचा ओएनटी (फायबर जोडलेला डबा) आणि त्याच्यामागं आपला राउटर असं डबल नॅट आहे का ते बघायचं, असलं तर ओएनटी ब्रिज मोडवर टाकायचा किंवा आपला राउटर नुसता ॲक्सेस पॉइंट करायचा, म्हणजे नॅट एकाच ठिकाणी राहतं. मग राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता, बघायचा. 100.64 ते 100.127 मधला असला की ते सीजीनॅट, म्हणजे कंपनीकडं केलेलं नॅट. आयपीव्ही4 चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते मुळात साधारण 430 कोटीच, ते पुरेनात म्हणून कंपन्या शेकडो घरांना एकाच पत्त्यामागं ठेवतात, आणि ही रेंज त्यासाठीच 2012 मध्ये राखून ठेवली. मग घरात कितीही पोर्ट उघडा, दार पुढं कंपनीकडं बंद आहे. अशा वेळी आम्ही पोरांकडनं सेटिंगचे पैसे घेत नाही, कंपनीकडं पब्लिक आयपी (बाहेरनं थेट पोचता येईल असा पत्ता) मागायचा अर्ज कसा करायचा ते लिहून देतो, आणि गेमला चालत असेल तर आयपीव्ही6, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, चालू करून देतो.

सध्या दोन पोरं हाताखाली शिकतायत, क्रिम्पिंग (केबलच्या टोकाला कनेक्टर बसवणं) चांगलं जमायला लागलंय त्यांना. फोन करणार असाल तर तीन गोष्टी आधी पाठवा म्हणजे आमची फेरी वाचते : वॅन आयपीच्या पानाचा फोटो, केबल लावून राउटरला मारलेल्या पिंगचा फोटो, आणि लॅग किती वाजता मारतंय ते.