तुम्ही विचारलंत म्हणून: मूल मंचावर नसतं तेव्हा

मी मुलांना ड्रम्स शिकवते. एखादं मूल जरा बरं वाजवायला लागलं की त्याला बारमध्ये, नाइट क्लबमध्ये वाजवायला बोलावतात, आणि मग आईबाबांचा प्रश्न येतो, "मॅडम, पाठवायचं का?"

ज्या जागेचा मूळ धंदाच लैंगिक करमणुकीचा आहे, तिथे अजिबात नाही. मायकल जॅक्सन लहानपणी भावांबरोबर क्लबांमधून गायचा. कपडे उतरवणाऱ्या नर्तकींचे कार्यक्रम आपण तेव्हा विंगेतून पाहिले, हे त्यानेच पुढे सांगितलंय.

विंगेतून, हे महत्त्वाचं. मंचावर मुलावर दिवे असतात, शंभर डोळे असतात. माझा जीव अडकतो तो साउंड चेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी) आणि एंट्री यांच्या मधल्या दीड तासात. म्हणून बाकीच्या ठिकाणी आयोजकाला माझा पहिला प्रश्न असतो, मूल बसणार कुठे? दारूच्या काउंटरपासून लांब, आतून कडी न लागणारी खोली आहे का? कपडे बदलायची जागा मोठ्यांपासून वेगळी आहे का? स्वच्छतागृहापर्यंत सोबत कोण जाणार? "बघू, करू काहीतरी" असं उत्तर आलं की मी नकार देते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. अकरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याला स्टुलावर बसवून मी बिदागीचं बोलायला गेले. दहा मिनिटांनी परत आले तर एक प्यायलेला माणूस त्याच्या खांद्यावर हात टाकून फोन नंबर मागत होता. मुलगा अवघडून हसत होता. "काका कौतुक करत होते ना," तो म्हणाला. प्रेक्षकांशी नम्रपणे वागायचं, हे त्याला मीच शिकवलं होतं. चूक त्याची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून सोबत जाणाऱ्याला दुसरं काम द्यायचं नाही. पैशांचं बोलणं नाही, व्हिडिओ काढणं नाही, आणि अर्थातच पिणं नाही. भारतात बालमजुरीविषयीच्या 2017 च्या नियमांनुसार पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती लागते. इंग्लंडमध्ये एका व्यक्तीकडे बारापर्यंत मुलं देता येतात. शाळेच्या नाटकाला ते चालेल. बारमध्ये मला एका मोठ्या माणसामागे दोनच मुलं हवीत. आपल्याकडे बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. ताटकळण्याचा वेळही मी त्यातच मोजते. कानात इअरप्लग हवेतच, स्पीकरजवळ बसणाऱ्या ड्रमरला तर नक्कीच.

पैशांबद्दलही विचारता. हॉलिवूडचा बालकलाकार जॅकी कूगन याने बालपणी लाखो डॉलर कमावले आणि मोठेपणी आपल्याच पैशांसाठी आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावला. त्यातून 1939 मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचा कायदा झाला. आपल्या नियमांतही मुलाच्या कमाईतला किमान 20 टक्के वाटा त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. मी तर सगळीच रक्कम तिथे ठेवा म्हणते.

आणि एक खूण ठरवलेली असते. मुलाने "माझ्या स्टिक्स घरी राहिल्या" म्हटलं की आम्ही निघतो, तिथे कुणासमोर कारण विचारत नाही. एकदा एंट्रीला दहा मिनिटं उरली असताना एका मुलीने ते वाक्य उच्चारलं. स्टिक्स तिच्या हातातच होत्या. आम्ही निघालो, बिदागी परत केली. कारण तिने दोन दिवसांनी सांगितलं, तेही आईला.