पाचवा रकाना

आमच्या ग्रंथालयाच्या नुकसान नोंदवहीत सहा रकाने आहेत. दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, कोणाकडे होतं, नुकसानीचं स्वरूप, नुकसानीचं कारण, केलेली कार्यवाही. त्या दिवशीच्या नोंदीतले पाच रकाने मी शाईने भरले. पाचवा पेन्सिलीने भरला आणि तो अजून तसाच आहे.

पुस्तक एक जाड कादंबरी. शिवणीची जुनी बांधणी, मधे गुळगुळीत आर्ट पेपरची चार पानं, त्यांवर पाठपोट आठ चित्रं. नवीन छापलेली प्रत मिळत नाही आणि आमच्याकडे एकच आहे. नववीतल्या एका मुलीने ती दोन वर्षांत अकरा वेळा नेली, हे तारीखपत्रकावरचे शिक्के मोजून सांगते. ती पुस्तक परत करायला यायची तेव्हा दोन्ही हातांत धरून यायची आणि टेबलावर आपटायची नाही, ठेवायची. हा फरक फार थोड्या मुलांत दिसतो. मोठ्यांत तर त्याहून कमी.

त्या सकाळी प्रार्थनेच्या आधी ती मुदत वाढवून घ्यायला आली. मी नाही म्हटलं. सातवीतल्या एका मुलाने तीन आठवड्यांपासून ते राखून ठेवायला सांगितलं होतं, रोज मधल्या सुट्टीत येऊन विचारायचा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं दुसरं आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. ते सूत्र तिलाही लागू होतं आणि त्या मुलालाही, आणि प्रत एक. मी म्हटलं, “आज शाळा सुटायच्या आत परत हवं.” माझा नियम बरोबर होता. आजही मी तेच सांगेन. पण त्या दिवशी जे झालं त्याची सुरुवात त्या वाक्यापासून झाली, हेही खरं आहे.

कारण तिच्या तीन मैत्रिणींचं पुस्तक अर्धंच वाचून झालं होतं. आता ते कधी हाती लागेल कोण जाणे, म्हणून चौघींनी ठरवलं की आजच संपवायचं. पहिल्या तासापासून ते बाकाखालून फिरायला लागलं. एक प्रकरण एकीने वाचायचं, मग पुढे सरकवायचं, ज्या मागे पडल्या त्यांना चिठ्ठीवर गोष्ट कळवायची. या चिठ्ठ्या मी नंतर पाहिल्या. एकीवर फक्त एवढंच होतं, “तो परत येत नाही. रडू नकोस, तास चालू आहे.”

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी नेहमीच्या कामात होते, म्हणजे भलत्या खणात ठेवलेली पुस्तकं शोधत होते. बाहेरच्या लोकांना वाटतं ग्रंथपाल पुस्तकं देतो-घेतो. निम्मा दिवस शोधण्यातच जातो, कारण चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक आणि हरवलेलं पुस्तक यात वाचकाच्या दृष्टीने काहीच फरक नसतो.

सहावा तास सुरू झाल्यावर दार उघडलं आणि चौघी आत आल्या. सगळ्यात उंच मुलीच्या हातात खेळाच्या तासाचा टी-शर्ट होता, त्यात गुंडाळलेलं काहीतरी, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

तिघी एकदम बोलायला लागल्या.

“बाई, जिन्यावर माझ्या हातून पडलं आणि फाटलं.” ही पुस्तकवाली.

“बाई, बाटली माझी होती. झाकण नीट लागलं नव्हतं, खेळाच्या तासाला सगळी दप्तरं एकावर एक टाकली होती.” ही उंच मुलगी.

“बाई, चिकटपट्टी मी लावली.” ही चष्म्याची.

चौथी नुसती रडत होती.

मी टी-शर्ट उघडला. पाण्याने खालचा एक तृतीयांश भाग फुगलेला. मधला एक अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेला सोळा पानांचा गठ्ठा, शिवणीतून सुटलेला आणि सहा चिकटपट्ट्यांनी परत डकवलेला. मला पहिल्यांदा आला तो राग नव्हता. चित्रं कुठे आहेत, एवढंच मनात आलं.

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण हे कुणी सांगत नाही आणि चुकीचं केलं तर पुस्तक हातचं जातं. भिजलेलं साधं पान सोसतं. आर्ट पेपरवर मात्र पांढऱ्या मातीचा मुलामा असतो, त्यानेच तो गुळगुळीत होतो. पाण्याने तो मऊ पडतो आणि वाळताना शेजारच्या पानाला धरून बसतो. एकदा वाळला की ती पानं विटेसारखी एक होतात, ओढलं तर चित्र सोलून निघतं. म्हणून अशी पानं ओली असतानाच सोडवायची. वाळू देत थांबणं हाच घात. आणि मुलींनी नेमकं काय केलं होतं, तर पुस्तक घट्ट मिटून वर दप्तर ठेवलं होतं, “सरळ व्हावं म्हणून”. त्यांचा दोष नाही. घरी सगळ्यांना हेच सुचतं, नाहीतर ऊन किंवा इस्त्री. इस्त्री तर करूच नये.

“आधी पुस्तक, खरंखोटं नंतर,” मी म्हटलं आणि चौघींना कामाला लावलं.

कपाटात जुन्या प्रोजेक्टरच्या पारदर्शिका, म्हणजे आरपार दिसणारे प्लॅस्टिकचे कागद, पडून होत्या. तसली एक पारदर्शिका ओली करून चित्रावर ठेवली, बोटाने हलकेच दाबत नेली, की पान तिला चिकटतं. मग एका कोपऱ्यापासून पारदर्शिकाच उचलायची, पान तिच्यासोबत येतं. कागदाला नखाने हात लावायचा नाही. पहिलं पान आलं. दुसरं आलं. तिसरं आलं तेव्हा पाठीमागे कुणीतरी श्वास सोडलेला ऐकू आला. चौथ्याचा खालचा कोपरा आला नाही, तिथला समुद्राचा अंगठ्याएवढा तुकडा समोरच्या पानावर राहिला. चारांपैकी साडेतीन. हे माझ्या नोकरीतलं मला सर्वात समाधान देणारं काम आहे, असं मी मनापासून म्हणते.

बाकीच्या पानांत दर पंधरा-वीस पानांनंतर टीपकागद घालायचा, पण एकूण जाडी फार वाढू द्यायची नाही, नाहीतर कणा वाकतो. ते काम पुस्तकवालीला दिलं. तिला कोणत्या पानावर काय आहे ते माहीत होतं, त्यामुळे ती पान उचलायची तेव्हा हात थरथरत नव्हता. उंच मुलीने पंखा लावला तो थेट पुस्तकावर, मी तो भिंतीकडे वळवायला सांगितला. हवा खोलीत खेळायला हवी, पानांवर आदळायला नको. आणि हे सगळं आजच, कारण दोन दिवस ओल राहिली की बुरशी धरते. चिकटपट्टी काही तासांचीच होती म्हणून मागे दुमडत सावकाश निघाली. वर्षानुवर्षं राहिली असती तर तिचा डिंक कागदात मुरून कायमचा पिवळा डाग पडला असता. शाळेत पुस्तकांवर चिकटपट्टी लावायला बंदी करा, असं मी दोनदा लिहून दिलं आहे. उत्तर नाही.

काम चालू असताना चष्म्याच्या मुलीने विचारलं, “बाई, याहून वाईट कधी झालंय का?”

मी इटलीतल्या फ्लॉरेन्सचं सांगितलं. ४ नोव्हेंबर १९६६ला आर्नो नदीचा पूर शहरात शिरला, तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाची असंख्य पुस्तकं चिखलात गेली. देशोदेशीचे तरुण, कितीतरी विद्यार्थी, आपणहून आले आणि रांगा करून हातोहात पुस्तकं बाहेर काढली. लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणायला लागले. भिजलेली पुस्तकं कशी वाचवायची याबद्दल आज जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्या पुरानंतर शिकलेलं आहे. “आणि ती पुस्तकं?” उंच मुलगी म्हणाली. कित्येकांवर पुढची काही दशकं काम चाललं, मी म्हटलं. त्यानंतर चौथी रडायची थांबली आणि टीपकागद कापायला बसली.

पुस्तक उभं करून ठेवल्यावर मी पुस्तकवालीला थांबवून घेतलं. कारण ती खोटं बोलली होती.

जिन्यावर पडलेल्या पुस्तकाचा कोपरा दबतो, पुठ्ठा चेपतो. या पुस्तकाचे चारही कोपरे धड होते. आणि पडून अख्खा फर्मा बाहेर येत नाही. शिवणीचा दोरा वरच्या टोकाला तुटला होता आणि त्या फर्म्याच्या पहिल्या पानावर काठाशी अंगठ्याची मुरड होती. पुस्तक उघडं असताना दोन जणांनी दोन बाजूंनी धरलं होतं आणि एकाने हिसकलं होतं.

“कोणी ओढलं?”

ती गप्प. मग म्हणाली, “गणिताच्या तासाला.”

म्हणजे सरांनी. तास संपल्यावर त्यांनी ते टेबलावरून परतही दिलं होतं, न बघता. मी विचारलं, मग जिन्याचं का सांगितलंस? मला वाटलं ती म्हणेल, भीती वाटली. ती म्हणाली, “सर चांगले आहेत, बाई. भूमिती मला त्यांच्यामुळेच कळली. त्यांना माहीतच नाही की फाटलं.”

मी शिक्षककक्षात गेले. सरांना मी बारा वर्षं ओळखते, त्यांच्या शिकवण्याबद्दल मला आदर आहे. ते म्हणाले, “तासाला गोष्टीची पुस्तकं वाचायची आणि ओढलं म्हणून फाटलं म्हणायचं? जबाबदारी तिचीच.” तासाला वाचू नये, हे मलाही मान्य आहे. पण हातातलं पुस्तक मागून घेणं आणि हिसकावून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिथे म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. “बरं,” म्हणून परत आले. ते “बरं” मला अजून टोचतं.

परत आल्यावर टीपकागद बदलताना मी शिवणीकडे नीट पाहिलं आणि मला आठवलं. सहा महिन्यांपूर्वी, तिने आठव्या की नवव्यांदा पुस्तक परत केलं तेव्हा, कणा सैल झाल्याचं मी पाहिलं होतं. बांधणीला पुस्तकं वर्षातून एकदाच जातात, तीही पुरेशी साठली की. मी ते वेगळं काढून ठेवायला हवं होतं. पण वेगळं काढलं की ते तिला मिळालं नसतं, म्हणून मी ते परत खणात ठेवलं. शिवण घट्ट असती तर सरांच्या हिसक्याने कदाचित पान मुडपलं असतं, फर्मा सुटला नसता. फर्मा सुटला नसता तर चिकटपट्टी लागली नसती, पुस्तक दप्तरात खाली लपवलं गेलं नसतं, बाटली उंच मुलीचीच राहिली असती.

परिपत्रक स्पष्ट आहे. नुकसान ज्याच्या नावावर पुस्तक आहे त्याच्याकडून वसूल करायचं, कारण “निष्काळजीपणा” असेल तर. पाचव्या रकान्यात मी काय लिहिते त्यावर सहावा अवलंबून आहे. सहाव्यात मी शाईने “ग्रंथालयात दुरुस्ती” असं लिहून टाकलं. पाचव्यात आधी “पाण्याने भिजले” लिहिलं, खोडलं. मग “वर्गात ओढाताण” लिहिलं, तेही खोडलं, कारण ओढाताण दोघांची असते आणि ती तर सोडत होती. आता तिथे आहे, “शिवण आधीच सैल होती, दुरुस्तीला वेळेवर पाठवले नाही.” हे खरं आहे. माझ्या वाट्याचं तेवढंच.

शाळा सुटताना सातवीतला मुलगा आला. पुस्तक कागदांचे पंख लावून उभं होतं. त्याने खूप वेळ पाहिलं आणि विचारलं, “दुखतंय का त्याला?” चौथी मुलगी अजून तिथेच होती. तिने सांगितलं की दोन आठवड्यांत बरं होईल, आणि शेवट काय आहे ते मात्र सांगितलं नाही.

पुस्तक वाळलं. मी तो फर्मा नव्या दोऱ्याने शिवून घेतला, कणा खळीने बसवला. थोडं फुगलेलं राहील. ते सध्या त्या मुलाकडे आहे आणि त्याच्यामागे राखीव यादीत तिचं नाव आहे, बाराव्यांदा.

वार्षिक पडताळणी पुढच्या सोमवारी आहे, तेव्हा पेन्सिल चालणार नाही. शाई फिरवायच्या आधी ते वाक्य सरांना दाखवावं, असं मी रोज सकाळी ठरवते. नोंदवही हातात घेऊन काल शिक्षककक्षाच्या दारापर्यंत गेलेही होते. सर आत वह्या तपासत होते, आणि सगळ्यात वर तिचीच वही होती.