एल शद्दाई: कस्टम्समध्ये अडकलेला हनोख

परदेशातून जुन्या गेमची डिस्क मागवणार असाल तर पैसे भरायच्या आधी विकणाऱ्याला एक मेसेज टाका. बिलावर नुसतं गेमचं नाव नको, वस्तू काय आहे तेही लिहा म्हणावं. ‘वापरलेली व्हिडिओ गेम डिस्क, प्लेस्टेशन ३ साठी, एक नग.’ माझ्या बिलावर ही ओळ नव्हती. तिथे फक्त ‘एल शद्दाई: असेन्शन ऑफ द मेटाट्रॉन’ एवढंच होतं. त्यापायी माझं पार्सल कस्टम्समध्ये जे अडकलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गेम कोणता ते सांगतो. २०११ साली आलेला, टोकियोत तयार झालेला अॅक्शन गेम. दिग्दर्शक सावाकी ताकेयासू. ‘ओकामी’ या गेममधली पात्रं ज्याने रेखाटली तोच हा चित्रकार. आणि कथेचा आधार आहे हनोखाचं पुस्तक, हनोखाच्या नावाचा एक प्राचीन धर्मग्रंथ.

मी वसईचा. आमच्याकडे बायबल लहानपणापासून मराठीतून कानावर पडलेलं. त्यातलं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या पाचव्या अध्यायात आदामाची वंशावळ येते. अमका इतकी वर्षं जगला आणि मेला, तमका इतकी वर्षं जगला आणि मेला, असं चालू असतं. हनोखाच्या वाट्याला मात्र मरण नाही. तो ३६५ वर्षं जगला, देवाबरोबर चालला आणि देवाने त्याला नेलं, संपलं. कुठे नेलं, का नेलं, पुढे काय झालं, यावर धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर काही बोलायच्या नाहीत, थेट नोहाकडे जायच्या. हनोख माझ्या मनात तेव्हापासून राहिला. त्यामुळे त्याच्यावर कोणी गेम काढलाय, आणि तोही असा की पडदा कुठेही थांबवला तर भिंतीवर लावावा, हे कळल्यावर मला राहवेना.

हा गेम २०२१ पासून पीसीवर मिळतो. ज्यांचा कॉम्प्युटर बरा आहे त्यांनी सरळ स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घ्यावा, हा सगळा ताप वाचेल. माझा लॅपटॉप ऑफिसचा, त्यावर काही टाकायला परवानगी नाही. घरात प्लेस्टेशन ३ मात्र ठणठणीत आहे. त्याच्या गेमना सहसा देशाचं बंधन नसतं, अमेरिकेतली डिस्क इथे चालते. अमेरिकेतल्या एकाकडे चांगल्या अवस्थेतली मिळाली, पैसे भरले, पार्सल भारतात आलं. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही.

मग कुरियर कंपनीचा मेल आला. पार्सल कस्टम्समध्ये थांबलं आहे, केवायसी पाठवा. आधार पाठवलं, पॅन पाठवलं, ऑर्डरचं बिल आणि कार्डावरून पैसे गेल्याचा पुरावा पाठवला. ट्रॅकिंगवर मात्र ‘कागदपत्रांची प्रतीक्षा’. पुन्हा पाठवले. तरी तेच. हेल्पलाइनवर दर वेळी नवा आवाज, दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा, आणि शेवटी ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे’. हा संबंधित विभाग कुठे बसतो हे विचारलं की फोन होल्डवर.

शेवटी विरार लोकलचे धक्के खात त्यांच्या कार्यालयात गेलो. तिथे पहिल्यांदा खरं कारण कळलं. कागद त्यांना केव्हाच मिळाले होते. अडलं होतं ते ‘वस्तूचं वर्णन’ या रकान्यावर. काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. वर्णनाच्या रकान्यात गेमचं नाव आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. 

“सर, हे नक्की काय आहे? प्रवचनाची डीव्हीडी आहे का?” 

“नाही, व्हिडिओ गेम आहे.”

“पण नाव तर देवाचं वाटतंय. इंटरनेटवर शोधलं तर प्रार्थनेची गाणी येतात.”

त्यांचं काही चुकत नव्हतं. एल शद्दाई हे बायबलमधलं देवाचंच नाव आहे, आणि त्या नावाने भक्तिगीतंही आहेत. माझा राग मॅडमवर नाहीच. राग याचा आहे की इतक्या मेलांमध्ये आणि फोनमध्ये हा एक साधा प्रश्न मला कोणी विचारला नाही. विचारला असता तर मी दोन मिनिटांत उत्तर दिलं असतं. पार्सलवर डेमरेज, म्हणजे पडून राहिल्याचं भाडं, चढत होतं ते वेगळंच.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ म्हणाले, “धार्मिक साहित्य म्हणून टाका ना, सुटेल लवकर.” मी नाही म्हटलं. एक तर ते खोटं झालं असतं आणि खाली सही माझी असणार. दुसरं म्हणजे, ज्या गोष्टीसाठी मी एवढा जीव टाकतोय तिला तिच्याच कागदावर दुसरंच काहीतरी म्हणायचं, हे मला पटण्यासारखं नव्हतं. असाच दुसरा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईल: ‘गिफ्ट लिहायला सांग.’ तो अजिबात ऐकू नका. डिसेंबर २०१९ पासून टपालाने किंवा कुरियरने येणाऱ्या वस्तू पूर्ण ड्यूटी भरल्याशिवाय भेट म्हणून सोडवता येत नाहीत. जीवरक्षक औषधं आणि राखी एवढाच अपवाद आहे.

मॅडम म्हणाल्या, वस्तू काय आहे आणि कशासाठी वापरणार याचं सहीचं पत्र द्या. तिथेच बाकावर बसून मी पत्र लिहिलं. मनापासून लिहिलं. हनोखाचं पुस्तक बहुतेक ख्रिस्ती पंथांच्या बायबलमध्ये नाही, इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने मात्र ते पवित्र ग्रंथांत ठेवलं आणि गीझ या तिथल्या जुन्या भाषेत पूर्ण जपलं. १७७३ मध्ये जेम्स ब्रूस हा स्कॉटिश प्रवासी त्याची हस्तलिखितं युरोपात घेऊन गेला. पुढे मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये त्याचे अरामी भाषेतले तुकडे सापडले. या पुस्तकात दोनशे देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात, माणसांच्या मुलींशी लग्नं करतात, त्यांना राक्षसी देहाची मुलं होतात आणि पृथ्वी रक्ताने भरते. अझाझेल नावाचा दूत माणसांना तलवारी, ढाली, चिलखतं घडवायला शिकवतो, बायकांना डोळे रंगवायला आणि दागिने करायला शिकवतो. हे सगळं निस्तरायला जलप्रलय येणार असतो. गेममध्ये हनोख प्रलय टाळण्यासाठी या पतित दूतांना पकडायला निघतो. म्हणून, सदर वस्तू ही धर्मग्रंथावर आधारित पण मनोरंजनासाठीची व्हिडिओ गेम डिस्क असून स्वतःच्या वापरासाठी आहे.

हे पत्र परत आलं. शेरा: ‘थोडक्यात लिहा.’

मी थोडक्यात लिहिलं. ‘व्हिडिओ गेम डिस्क, वैयक्तिक वापरासाठी.’ तेही परत आलं. शेरा: ‘सविस्तर माहिती द्या.’ 

या दोन शेऱ्यांच्या मधे मी जो अडकलो होतो तो काळ मला आजही आठवला तरी डोकं तापतं. थोडक्यात म्हणजे किती आणि सविस्तर म्हणजे किती, हे सांगणारं कोणी नाही. नमुना मागितला तर नमुना नाही. पत्र आत जातं, आतून शेरा येतो, आतल्या माणसाशी बोलता येत नाही. बाकावर माझ्या शेजारी एक आजी बसायच्या. मुलाने दुबईहून पाठवलेलं मशीन सोडवायला आल्या होत्या. त्यांनाही तेच शेरे. त्यांच्यासाठी पत्र लिहून द्यायला तिथे कोणीच नव्हतं, मग मीच दिलं.

मार्ग निघाला तो त्याच मॅडममुळे. त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही गोष्ट नका सांगू. वस्तू दाखवा.” मग मी विकणाऱ्याकडून डिस्कच्या पुढून-मागून काढलेले फोटो मागवले. पेटीच्या वरच्या पट्टीवर प्लेस्टेशन ३ असं छापलेलं असतं, ते ठळक दिसेल असे. त्याच्याकडून दुरुस्त केलेलं बिल घेतलं, त्यात किंमत, ‘वापरलेली’ हा शब्द, नग एक. या सगळ्याखाली तीन ओळींचं पत्र. विकणाऱ्याने कुरकुर न करता रातोरात पाठवलं, त्याचे आभार मानायला हवेत. ते कागद गेले आणि पार्सल सुटलं. ड्यूटी भरली, कंपनीचा हाताळणी आकार भरला. डेमरेज माफ करा असा लेखी अर्ज मात्र जरूर करा. उशीर त्यांच्या बाजूने झाला असेल तर ट्रॅकिंगचे स्क्रीनशॉट जोडा. माझं पूर्ण माफ झालं, आणि याचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे.

मॅडमना मी जाताना एक गोष्ट सांगितली, ती त्यांना फार आवडली. हा गेम जपानी खरा, पण तो करणारा टोकियोतला स्टुडिओ इग्निशन या कंपनीचा होता, आणि इग्निशनचा मोठा हिस्सा २००७ मध्ये आपल्या मुंबईच्या युटीव्हीने घेतला होता, सिनेमे आणि मालिका काढणाऱ्या, रॉनी स्क्रूवाला यांच्या. अमेरिकेत तो युटीव्ही इग्निशनच्या नावानेच विकला गेला. म्हणजे एवढ्या वेगळ्या, एवढ्या धाडसी कामामागे मुंबईची कंपनी उभी होती, आणि आपल्याकडे हे कोणाला माहीत नाही याची मला मनापासून खंत वाटते. पुढे युटीव्ही डिस्नेकडे गेली, टोकियोतला स्टुडिओ राहिला नाही. ताकेयासूने मात्र हार मानली नाही. स्वतःची क्रिम नावाची कंपनी काढली, गेमचे हक्क मिळवले, आणि पीसीनंतर २०२४ मध्ये निन्टेन्डो स्विचवरही आणला.

आता खेळण्याबद्दल. एक आधीच सांगायला हवं होतं: डिस्क घेताना जपानी आवृत्ती स्वस्त दिसते, पण पेटीवर इंग्रजी आहे ना ते बघून घ्या. कथा मुळातच तुटक सांगितलेली आहे, त्यात भाषा कळली नाही तर काहीच हाती लागणार नाही.

पडद्यावर काही नसतं. ना जीव दाखवणारी पट्टी, ना नकाशा, ना गुण. हनोखाला मार बसला की त्याचं पांढरं चिलखत तुकड्यातुकड्याने गळून पडतं, शेवटी तो जीन्सवर उरतो. त्यावरूनच समजायचं. पडला तर घाबरू नका, सगळी बटणं भराभर दाबा, तो उठतो. दर वेळी उठेलच असं नाही, पण बरेचदा उठतो. सुरुवातीला काही पतित दूत अचानक समोर येतात आणि झोडपून काढतात. तिथे हरलात तरी गोष्ट पुढे सरकते, त्यामुळे त्या लढाया जिंकायच्या नादात बोटं दुखवून घेऊ नका.

शस्त्रं तीनच: आर्च (वाकडं पातं), गेल (लांबून मारा करणारं) आणि व्हेल (ढाल). ती शत्रूच्या हातातून हिसकावून घ्यायची. हल्ल्याचं बटण एकच, सगळी करामत ते कधी दाबता यात. वापरता वापरता शस्त्र मळतं आणि त्याची धार कमी होते, तेव्हा हनोख त्यावरून हात फिरवून ते शुद्ध करतो. पात्यावरून तळवा सरकतो तसा काळपट लालसर रंग निघून जातो आणि पातं पांढरं होतं. लढाईच्या मधोमध, शत्रू अंगावर येत असताना, हे क्षणभर थांबून करावं लागतं. माझ्या मते या गेमची सगळी श्रद्धा त्या एका हालचालीत आहे.

उड्यांचे भाग त्रास देतात. कॅमेरा आपल्याला फिरवता येत नाही आणि रंगांच्या त्या धुक्यात पुढची पायरी किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. हनोखाच्या सावलीकडे बघा, पायरीकडे नको. आणि हातात आर्च ठेवा, त्याने हवेत तरंगत हळू उतरता येतं.

गेम सेव्ह करतो लुसिफेल, हनोखाच्या सोबतीला असलेला देवदूत. काळी वस्त्रं, कानाला मोबाइल, पलीकडे साक्षात देव. तो दिसला की कितीही घाईत असलात तरी त्याच्याजवळ जा. त्याचं फोनवरचं बोलणं ऐका, ते सोडून पुढे पळू नका. पतित दूतांच्या मनोऱ्यात हनोख चढत जातो, तिथल्या प्रत्येक मजल्याची कला निराळी आहे. एकीकडे जलरंग सांडल्यासारखं आकाश, तर अझाझेलच्या मजल्यावर निऑनचं शहर आणि मोटारसायकल. पुस्तकात ज्याने माणसाला धातू घडवायला शिकवलं, त्याच्या वाट्याला यंत्रांचं शहर दिलंय. हे मला खेळताना कळलं तेव्हा मी कंट्रोलर बाजूला ठेवून आमच्या फादरना फोन लावला. त्यांनी गेम खेळलेला नाही, पण अझाझेलला वाळवंटात बांधून टाकायची आज्ञा रफाएल या देवदूताला होते तो भाग त्यांनी मला फोनवर वाचून दाखवला.

खेळायच्या आधी हनोखाच्या पुस्तकाचे सहा ते सोळा एवढे अध्याय वाचून घ्या, तासाभराचं काम आहे. मग नावं परकी वाटत नाहीत. गेम एकदा पूर्ण झाला की जीव दाखवणारी पट्टी सुरू करायची सोय मिळते. मी सध्या दुसऱ्यांदा खेळतोय आणि ती सुरू केलेली नाही.