व्हेनिसमधलं काळीज

फ्लोरेन्सचे तीन दिवस आणि पिसाचा एक, सगळे रांगेत उभं राहण्यात गेले. त्यावर लिहावंसं काही नाही. लिहायचंय ते व्हेनिसमधल्या एका रात्रीच्या जेवणाबद्दल.

रिआल्टो पुलावर एवढी रेटारेटी की खालचं पाणीसुद्धा दिसेना. वैतागून कानारेज्जोच्या बाजूला वळलो आणि पाच-सहा टेबलांच्या एका खानावळीत शिरलो. मेन्यू फक्त इटालियनमध्ये. 'फेगातो आल्ला वेनेत्सिआना' यात गावाचं नाव दिसलं, त्यावर बोट ठेवलं. वाढायला मालकिणीची शाळकरी मुलगी होती. "फेगातो म्हणजे माहितीये ना?" मी नाही म्हटल्यावर तिने आपल्या उजव्या बरगडीखाली तळहात ठेवला.

कलेजी! आली ती वासराची. घरी हे सांगताना जीभ अडखळली, पण खाल्ली. पातळ काप, मंद आचेवर पार विरघळलेला पांढरा कांदा, शेजारी मक्याच्या पिठाचा पोलेंटा. कांदा किती गोड लागतोय म्हटलं, तर ती म्हणाली, "गोडवा नावातच आहे. फीको."

फीको म्हणजे अंजीर. रोमन लोक डुकरांना, हंसांना सुकी अंजिरं खिलवून त्यांची कलेजी फुगवत. डुकरिणींवरचा हा प्रयोग अपिकियस नावाच्या रोमन खवय्याचा, असं रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. त्या पदार्थाला लॅटिनमध्ये म्हणत 'येकुर फिकातुम', अंजिरावर पोसलेलं येकुर, म्हणजे कलेजी. पुढे येकुर गळून पडलं आणि नुसतं 'अंजिराचं' उरलं. माणसाच्या पोटातल्या अवयवालाही तेच नाव. इटालियन फेगातो, स्पॅनिश इगादो, पोर्तुगीज फिगादो, फ्रेंच फ्वा, सगळे त्यातूनच आले.

मी सासवडचा. अंजिराचा खट्टा बहार, मीठा बहार ऐकतच वाढलो. आमच्या मळ्यातलं ते फळ इथे बरगडीखाली जाऊन बसलेलं पाहून फार आनंद झाला.

पण मी अडलो होतो 'येकुर'पाशी. ती वाढणारी मुलगी शाळेत लॅटिन शिकते. आपण 'रामः रामौ रामाः' घोकतो तशी ती "येकुर, येकोरिस" म्हणाली, आणि मला एकदम दिसलं: यकृत्! टेबलावरच्या कागदावर देवनागरीत लिहून वाचून दाखवलं. एकाच मुळाचे दोन शब्द. त्यांच्या बोलीतून तो गेला, आपल्याकडे डॉक्टरांच्या रिपोर्टात का होईना, टिकला.

गल्ल्यापाशी बसलेली तिची आई म्हणाली, "चि वुओले फेगातो." त्याला फेगातो लागतं, म्हणजे हिंमत लागते. आजूबाजूची घरं एकेक करून पर्यटकांना भाड्याने जातायत, त्यात ही खानावळ चालवायची म्हणजे... मी म्हटलं, आमच्याकडे वाघाचं काळीज लागतं. बोलताना आपण छातीवर हात ठेवतो, पण काळीज म्हणजे मुळात यकृतच, म्हणून तर कलेजी. इतक्या लांब, एवढ्या वेगळ्या भाषेत, धैर्य त्याच जागी ठेवलेलं!

मुलीला तो शब्द हवाच होता. 'कालीज', 'काडीज', पुन्हा 'कालीज'. मी जीभ टाळूला कुठे लावायची ते तोंड उघडून दाखवलं. बिल देऊन दारापर्यंत पोचलो, तेव्हा मागून स्वच्छ ऐकू आलं, "काळीज!"