व्हरांड्यातले पाय

नाताळच्या सुट्टीत शाळा रिकामी असते, म्हणून आमचा अपंगांचा मेळावा नाताळच्या सुट्टीत. दुसरं काही कारण नाही. पुढं पुढं लोक विचारायचे, ३ डिसेंबरला जागतिक अपंग दिन असतो, तेव्हा का करत नाही? तो दिवस संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली ठरवला, आमचा पहिला मेळावा त्याच्या आदल्या वर्षीचा. आणि ३ डिसेंबरला वर्गात मुलं असतात, बाकं कोण देणार?

शाळा गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. कौलारू, बसकी, पुढं लांबलचक व्हरांडा आणि त्यावर चढायला तीन पायऱ्या.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो. दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, डावा पाय गेला. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, आणि त्यावर बारा महिने फुलपँट. मे महिन्यातही. लग्नाकार्याला गेलो की मी आधी पोचून भिंतीकडेची खुर्ची धरायचो आणि सगळे गेल्यावर उठायचो, म्हणजे चालताना कुणी बघायला नको. मेळाव्याचं पत्र आलं तेव्हा आईला म्हटलं, "लंगड्यांच्या जत्रेला मी कशाला जाऊ?" ती म्हणाली, "जेवण आहे तिथं. जेवून ये."

कदंब बसनं फोंड्याला उतरलो आणि पायलट केला. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं पायलट म्हणजे भाड्याची मोटरसायकल चालवणारा, पुढचं मडगार्ड पिवळं. पायलटानं काही न विचारता माझी कुबडी हँडलवर आडवी घेतली आणि म्हणाला, "शाळेत? सकाळपासून चौथी फेरी." मला लाज वाटली. म्हणजे आम्ही लांबूनच ओळखू येत होतो.

सकाळ भाषणांत गेली, ती मला आठवत नाही. आठवतं ते दुपारचं. जेवणाची वेळ झाली आणि लोक व्हरांड्यात बसून कॅलिपर सोडायला लागले. पट्टे सुटले, गुडघ्याच्या चामडी वाट्या निघाल्या, आणि एकेक पाय भिंतीला टेकवून ठेवला गेला. बुटासकट. कॅलिपरचे, जयपूर फूटचे, एक तर लाकडाचा, गावच्या सुतारानं केलेला. देवळाबाहेर चपला असतात तसे व्हरांड्यात पाय. पावसाळ्यात चामड्यावर बुरशी धरते, तिचा वास ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. मला वाटायचं तो वास फक्त आमच्या घराला येतो.

मी पट्टा सोडला नाही. शेजारी पेडण्याचे एक मास्तर होते, उजवा पाय गुडघ्याखाली नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "काच पडतो ना रे मांडीला? खोबरेल लाव." इतकंच. अर्ध्या तासानं मी पँट वर केली. कुणी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण आपण कुणाचं घड्याळ पाहतो तसं.

जेवायला बाकं असायची, कारण कॅलिपर घालून मांडी घालता येत नाही. पण जे सरपटत चालतात त्यांना जमीन सोयीची, म्हणून एक पंगत खालीही बसायची. भात, खतखते, मुगागाठी, पापड, शेवटी मणगणे, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीची खीर. खालच्या पंगतीला मणगणे जास्त मिळतं असा वरच्यांचा कायमचा आरोप होता. तो खरा होता, कारण वाढणाऱ्या बायकांना वाकून वाकून कंटाळा यायचा आणि त्या भांडंच खाली ठेवून जायच्या.

दुपारनंतर ओळखी. नाव, गाव, टक्के. सरकारी सवलतींसाठी दाखल्यावर अपंगत्वाचे चाळीस टक्के लागतात. तेव्हा तर चाळीसच्या खाली सरकारलेखी तुम्ही धडधाकटच. डिचोलीच्या एकाला अडतीस मिळाले होते. तो उठून म्हणायचा, "नापास." टाळ्या. दुसरा म्हणायचा, "दहावीला चाळीस टक्के पडले तेव्हा बापानं बडवलं. दाखल्यावर चाळीस आले तेव्हा पेढे वाटले." हा विनोद मी तीस वर्षं ऐकतोय आणि तीस वर्षं हसतोय. बाहेरच्या कुणी केला असता तर काय झालं असतं ते वेगळं. लंगड्या, पांगळ्या, खुर्ची, दीडपाय ही आमची आपसातली नावं. ती व्हरांड्यातच वापरायची, पायऱ्या उतरलं की नाही, हे कुणी शिकवलं नाही तरी कळायचं.

पायऱ्यांचं सांगतो. पहिली सात-आठ वर्षं आम्ही प्रमुख पाहुणा बोलवायचो. पाहुणा कोणीही असो, भाषणात एकदा तरी 'पंगुं लंघयते गिरिम्' यायचंच. देवाची कृपा झाली की पांगळा डोंगर ओलांडतो. मास्तर पहिल्या रांगेत बसून पुटपुटायचे, "गिरी राहू दे. शाळेच्या तीन पायऱ्यांचं बघा." एका वर्षी ते पुटपुटणं माइकमध्ये गेलं. पाहुणे मोठ्या मनाचे निघाले, हसले, आणि पुढच्या डिसेंबरात पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार झालेला होता. इतका उभा, की त्यावरून चाकाची खुर्ची ढकलायला दोन गडी लागत. तरी झाला. त्यानंतर पाहुणे बोलवणं हळूहळू बंदच पडलं, ठराव-बिराव नाही. हाराचे पैसे वाचले त्यात कुबड्यांच्या टोकाची रबरी बुचं घेतली जाऊ लागली. ओल्या लादीवर झिजलेलं बूच म्हणजे काय ते आम्हाला विचारा.

गोव्यात चार माणसं जमली की नाटक आलंच. आमचंही असायचं, ऐतिहासिक नाटकाचा एखादा अंक. तलवारी परवडत नव्हत्या, म्हणून कुबड्याच तलवारी. हात रिकामा झाला की उभं राहणं कठीण, तेव्हा लढाई फार लांबवायची नाही, असं दिग्दर्शकाचं धोरण. १९९४ ला मी मावळा होतो. सेनापतीला खलिता द्यायचा आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम.

कॅलिपरला गुडघ्याशी दोन्ही बाजूंना एकेक कडी असते. पाय सरळ केला की ती खाली सरकते आणि गुडघा अडकतो. बसायचं तर बोटांनी वर ओढायची. विंगेत मी बसून होतो, घाईत उठलो, आतल्या बाजूची कडी पुरती बसली नाही. रंगमंचावर तिसऱ्या पावलाला गुडघा मोडला आणि मी खलित्यासकट आडवा.

पडणं मला नवं नव्हतं. बाजारात पडलो की काय होतं ते तोंडपाठ होतं. चार माणसं धावतात, काखेत हात घालून ओढतात, "अरेरे" म्हणतात, एखादी बाई पाणी आणते, आणि ज्यानं ओढलं त्याच्या हिसक्यानं आपण पुन्हा पडतो. मी डोळे मिटून त्या हातांची वाट पाहिली.

कोणी आलं नाही. शंभरेक माणसं समोर, सगळी गप्प. मग मागून कुणीतरी ओरडलं, "लॉक घाल मरे, लॉक!" दुसरा म्हणाला, "डाव्या कुशीवर हो आधी." सेनापती, तोही कुबड्यांवरच, नुसता थांबला. त्यानं कमरेत हात घालून दूर कुठंतरी गडाकडं पाहावं तसं पाहिलं. मी कुशीवर वळलो, हात टेकले, पाय मागं ताणला. कडी बसल्याचा खटका शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला असणार, कारण सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. उठलो. विंगेतून आठवण करून दिली, "महाराज, घात झाला!" मी ते म्हटलं. अख्खं सभागृह हसून लोळलं, मीही, आणि अंक तिथंच संपला.

घरी बसमध्ये मला त्या न आलेल्या हातांचं राहून राहून नवल वाटत होतं. पुढच्या मे महिन्यात मी हाफपँट शिवून घेतली. आईनं विचारलं, "लोक बघतील रे." बघितलं. पहिले आठ दिवस.

आता फोटोचं. पहिल्या काही वर्षांचे ग्रुप फोटो माझ्याकडं आहेत. फोटोग्राफर दरवर्षी म्हणायचा, "कुबड्या जरा बाजूला." आम्हीही मुकाट पडद्यामागं नेऊन ठेवायचो. त्या फोटोत सगळे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे आहेत. पाहुण्यांना दाखवला की म्हणतात, काय प्रेम आहे हो! प्रेम कसलं, सोडलं असतं तर रांगच्या रांग कोसळली असती. आमची डिचोलीची ताई या फोटोंत कुठंच नाही. ती हातात रबरी चपला घालून सरपटत चालायची, आणि उभ्यांच्या फोटोत सरपटणाऱ्याला कुठं बसवायचं ते कुणाला सुचायचं नाही. ती म्हणायची, "मी चहाचं बघते, तुम्ही घ्या काढून." एका वर्षी मात्र ती पहिल्या रांगेच्या पुढं येऊन बसली, हातातल्या चपला काढून समोर नीट जोडून ठेवल्या आणि फोटोग्राफरला म्हणाली, "उभ्यानं काढलंस तर माझं टाळकं येईल. खाली बस." बिचारा जमिनीवर मांडी घालून बसला. मग दुसरा कुणी म्हणाला, थांबा, माझी कुबडी आणतो. सगळेच गेले. दहा मिनिटं नुसती टकटक. त्या फोटोत माणसांपेक्षा कुबड्या जास्त दिसतात आणि ताईचा चेहरा थोडा हललाय, कारण ती हसू आवरत होती.

हीच ताई दिवसभर घोटभर पाणी प्यायची नाही. मला कारण कळायला पाच-सहा वर्षं लागली, आणि ते माझ्या बायकोनं सांगितलं. शाळेच्या मुताऱ्या उंचावर, दार अरुंद, आत ओल. बायका आदल्या रात्रीपासून पाणी तोडून यायच्या. आम्ही पुरुष नाटक, ठराव, बॅनर यांत गुंग. शेवटी आमच्यातल्याच एका सुतारानं मधोमध भोक पाडलेली लाकडी खुर्ची केली आणि एका वर्गाला आतून कडी लावली. त्या वर्षी चहा पहिल्यांदा कमी पडला.

बॅनरचाही एक किस्सा. २७ डिसेंबर २०१५ ला पंतप्रधानांनी रेडिओवर 'दिव्यांग' शब्द सुचवला, तेव्हा योगायोगानं आमचा मेळावाच चालू होता. दोन तास चर्चा. मास्तर म्हणाले, "दिव्य काय आहे ते दाखवा, मी स्वतः रंगवतो." एक मुलगी म्हणाली, "अपंग म्हटलं की घरात रडारड होते, हा शब्द बरा." दोघंही बरोबर होती. पेंटरनं तीनशे सांगितले आणि जुनाच बॅनर राहिला.

माणसं मात्र बदलली. १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा आमच्यातले काही जण बूथवर बसायचे. तयार नसलेल्या आयांना समजवायला काही बोलावं लागायचं नाही, पँट गुडघ्यापर्यंत वर केली की काम व्हायचं. देशातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची. त्यामुळं पोलिओचं नवं माणूस आता येत नाही. आम्ही म्हणजे शेवटची बॅच, आणि गुडघ्यांसोबत खांदेही गेलेली. नवे येतात ते बाइकच्या अपघातातले, साखरेनं पाय गेलेले, माडावरून पडून मणका मोडलेले पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. पार्किन्सनवाले एक गृहस्थ पहिल्या वर्षी कोपऱ्यात भिंतीकडेची खुर्ची धरून बसले होते. "मी तुमच्यात कसा बसणार?" म्हणाले. मी म्हटलं, "बसलाय तिथंच मी बसायचो." जेवताना त्यांच्या हातातल्या वाटीतलं मणगणे सांडलं, तेव्हा समोरच्यानं आपली वाटी सरकवली आणि म्हणाला, "ह्यातलं अर्धं सांडा, मला साखर आहे."

२०२३ च्या जानेवारीत पणजीत पर्पल फेस्ट हा अपंगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला. गेलो होतो. उतार कसे असावेत ते तिथं पाहिलं. मास्तर एकाच उतारावरून उगाच तीनदा वर-खाली जाऊन आले. झकास झालं सगळं. पण तिथं मला कुणी टक्के विचारले नाहीत.

राहता राहिला माझा जोडीदार. जुन्या कॅलिपरला बूट कायमचा जोडलेला असायचा. प्लॅस्टिकचा हलका आला, तो कुठल्याही बुटात शिरतो. पण माझा उजवा पाय नऊ नंबरचा आणि डावा सहाचा. दरवेळी दोन जोड घ्यायचे आणि दोन बूट फुकट. एका मेळाव्यात व्हरांड्यातल्या भिंतीला टेकवलेला एक पाय दिसला, हुबेहूब माझा, फक्त उजवा. मालक शोधून काढला. वाळपईचा. उजवा सहा, डावा नऊ. त्या दिवसापासून आम्ही दोघांत दोन जोड घेतो, रंग आळीपाळीनं निवडायचा. दहा वर्षांपूर्वी तो पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडातल्या स्विंडनला गेला, अर्ध्या गोव्यासारखा. तिथंही नंबर हेच चालतात, पण म्हणतो, एकट्यानं दोन जोड घेणं जिवावर येतं.

या वर्षी रंग त्याचा होता, काळा. मी पार्सल घेऊन कुरिअरच्या दुकानात गेलो. पोरगा नवा होता. खोकं उघडून पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, दुकानदारानं फसवलं तुम्हाला. एक मोठा, एक लहान आहे."

मी म्हटलं, "बरोबर आहेत."

त्यानं काउंटरवरून वाकून माझ्या पायांकडं पाहिलं, मग खोक्याकडं, पुन्हा पायांकडं. मग चिकटपट्टी ओढली.